डोळ्यात बुडबुडा, पालथे पंधरा दिवस

हे तुम्हाला स्वतःला वाचता येणार नाही. तुमच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला असेल आणि डॉक्टरांनी पालथं पडायला सांगितलं असेल, तर तुमचं तोंड आत्ता उशीत आहे. म्हणून शेजारी जो कोणी बसलाय त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. त्यानं तोंड वाकडं केलं तर केलं. तुम्हाला ते दिसणार नाही.

औषधांचं मला विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा. पालथं पडल्यावर माणसाचं काय होतं एवढंच मी सांगणार आहे. आणि त्याआधी मी जी चूक केली ती सांगणार आहे, कारण तुम्ही ती केली नसलीत तरी तुमच्या घरात कोणीतरी करायच्या बेतात असेल.

माहितीय का

माझं नाव अंबादास. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतो. पूर्वी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचो, आता कॉम्प्युटरवर काढतो. काम तेच आहे: बारीक घरं मोजायची आणि कुठला धागा वर, कुठला खाली, ते ठरवायचं. पुढं माग त्यावरनं चादरीत मोर विणतो. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला रंग कळतात, माणूस आला-गेला कळतं, अक्षर कळत नाही. म्हणजे आजवर मी एकट्या उजव्या डोळ्यावर घर चालवलं.

मला वेड व्हिडिओंचं. गाण्यांचे, सिनेमांचे नाहीत, विज्ञानाचे. दहावीनंतर मागावर बसावं लागलं, पण शाळेतल्या प्रयोगशाळेचा वास काही डोक्यातून गेला नाही. फोन हातात आला आणि माझी शाळा पुन्हा भरली. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. काचेचा एक थेंब असा असतो की त्यावर हातोडा मारला तरी फुटत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की त्याचं पीठ होतं. जेवणाच्या सुट्टीत मी डब्याआधी फोन उघडायचो, आणि मग समोर जो सापडेल त्याला धरून सुरू व्हायचो, "माहितीय का?" माझी बायको पद्मा घरी विड्या वळते. मी बोळाच्या तोंडाशी दिसलो की ती शेजारणींना म्हणायची, "आलं बघा आमचं माहितीय-का."

बघण्याची माझी एक रीत होती. वेग दीडपट ठेवायचा आणि शेवटचं मिनिट बघायचंच नाही. शेवटी ते लोक 'आवडलं तर लाइक करा, घंटी दाबा' एवढंच सांगतात. तेवढ्या वेळात दुसरा व्हिडिओ सुरू होतो.

गेल्या वर्षी एका सकाळी उजव्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगायला लागले. डोळा फिरवला की तेही फिरायचे. कोपऱ्यात मधूनच वीज चमकून जायची. दुसरा कोणी घाबरला असता. मी खूश झालो. खोटं कशाला सांगू, खूश झालो. कारण याच्यावरचा व्हिडिओ मी बघितला होता. डोळ्याच्या आत पारदर्शक गर असतो, वय झालं की तो आक्रसतो, त्यातल्या तंतूंची सावली मागच्या पडद्यावर पडते, तेच हे धागे. घाबरायचं कारण नाही. माझ्याच डोळ्यात प्रयोग चालला होता आणि मला त्याचं उत्तर पाठ होतं. पद्माला सांगितलं. कारखान्यात सांगितलं. शेजारच्या रफिकभाईंना त्यांच्या रिक्षात बसून सांगितलं. असे आठ दिवस मी सांगत फिरलो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं

आठव्या दिवशी मी मोराचा पिसारा भरत होतो. बघता बघता पिसाऱ्याच्या वरच्या बाजूला काळसर झालर उतरली. आधी वाटलं स्क्रीन बिघडली. डावा डोळा झाकला तर झालर तशीच, उजवा झाकला तर झालर गायब. मी तीनदा झाकून बघितलं. चौथ्यांदा बघायचा धीर झाला नाही. रफिकभाईंना फोन केला, वाटेत घरून पद्माला घेतलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

थेंब घातले, दोन तास बाकावर बसवलं. मला बाकावर बसवत नाही. मी चार वेळा उठलो, पाणी प्यायलो, भिंतीवरचं डोळ्याचं चित्र तिरक्या मानेनं बघून आलो. पद्मा म्हणाली, "बसा की. डोळा काय तुमच्या पायात हाय का?"

डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या. डोळ्यात उजेड मारून त्यांनी खूप वेळ बघितलं. वर बघा, खाली बघा, नाकाकडं बघा.

"किती दिवस झाले?"

"आठ. पण मॅडम, ते धागे म्हणजे गराची सावली असते ना. वयोमानानं गर आक्रसतो आणि..."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे कोणी सांगितलं?"

"व्हिडिओत बघितलं."

"पूर्ण बघितलात?"

"हो," मी म्हणालो, आणि मला ते खरंच वाटत होतं.

मॅडमनी एका कागदावर गोल काढून समजावलं. पडद्याला भोक पडलंय. त्यातून पाणी मागं शिरलंय. भिंतीचा पोपडा सुटतो तसा पडदा सुटत चाललाय आणि पाणी मधल्या भागापर्यंत पोचायला लागलंय. नजर त्या मधल्या भागात असते. ऑपरेशन उद्याच करायला लागेल.

"नक्षी काढता येईल का मला?"

"आधी पडदा चिकटू दे," त्या म्हणाल्या. "लवकर आला असतात तर मी जास्त खात्रीनं बोलले असते."

पद्मा बाहेर आली. रिक्षात बसली, पदर खोचला, आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, "आठ दिवस मला पन शिकवलाव की. घाबरायचं न्हाई, घाबरायचं न्हाई." मला तिच्याकडं बघायची लाज वाटली.

शेजारच्या खाटेवरच्या टाचा

ऑपरेशनमध्ये माणूस जागा असतो, डोळा बधिर करतात. दुखत नाही. तोंडावर कापड असतं, आणि डोळ्याच्या आत काय चाललंय ते त्याच डोळ्याला अंधुक दिसतं. उजेड, त्यात फिरणाऱ्या बारीक सावल्या. मी मुठी आवळून देवाचं नाव घेत होतो. आणि त्याच वेळी वाटत होतं, हे कोणीतरी रेकॉर्ड करायला पाहिजे होतं. भीतीचं आणि कुतूहलाचं माझ्यात असं भांडण लागलं होतं.

मग त्यांनी डोळ्यात वायू भरला. त्याचं कारण ऐकून मी मनातल्या मनात टाळी दिली. बुडबुडा नेहमी वर जातो. पडदा डोळ्याच्या मागच्या अंगाला. म्हणून ते मागचं अंग वर करायचं आणि तोंड जमिनीकडं करायचं, म्हणजे बुडबुडा मागं जाऊन पडद्याला दाबून धरतो. पंधरा दिवस. तासातली दहा मिनिटं जेवणा-आंघोळीला सूट. बुडबुडा जाईपर्यंत विमानात बसायचं नाही. मी जन्मात विमानात बसलेलो नव्हतो, पण बंदी आली म्हटल्यावर लगेच बसावंसं वाटायला लागलं.

ऐकायला किती सोपं आहे. पहिल्या तासातच मला कळलं की मी असा माणूस नाही. माझे पाय हलतात, बोटं हलतात, मान तर सतत कोणाला काही सांगायला वळत असते. कपाळ दुखायला लागलं, नाक चेपलं, लाळ गळून उशी भिजली.

शेजारच्या खाटेवरही एकजण पालथा होता. मला त्याच्या टाचा तेवढ्या दिसायच्या, त्याही डाव्या डोळ्यानं, दोन तांबूस गोळे.

"तुमाला बी उलटं टाकलंय व्हय?" टाचांच्या बाजूनं आवाज आला.

"पंधरा दिवस."

"मला बी तेवढंच. मी बार्शीचा. यष्टीत कंडक्टर हुतो. जलमभर उभा ऱ्हायलो, आन आता म्हनत्यात पालथा पड." टाचा एकमेकींवर घासल्या. "टाइम जाईना ओ. कायतरी बोला की."

मी त्यांना ऑक्टोपसचं सांगितलं.

"तीन? मंग त्येला झटका आला तर एक बंद पडून दोन चालू ऱ्हात आसतील."

हे व्हिडिओत नव्हतं. मग काचेचा थेंब सांगितला. मग मुंग्या वाट कशा लक्षात ठेवतात ते. ते प्रत्येक गोष्टीला "आयला" म्हणायचे आणि पुढची मागायचे. उठून जाता येत नाही असा श्रोता मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. आम्ही दोन दिवस बोललो. निघताना एकमेकांचे नंबर घेतले, पण दोघांच्याही माना खाली. तोंड कोणी कोणाचं बघितलं नाही.

खाटेला भोक

घरी पद्मानं डोकं चालवलं. माळ्यावरची नवारीची खाट काढली, डोक्याकडच्या तीन पट्ट्या सैल करून बाजूला ओढल्या आणि मधे तोंड मावेल एवढी जागा केली. कडेनं टॉवेल गुंडाळला. मी त्यात तोंड घालून पडलो. खाली दीड हातावर फरशी दिसायची, म्हणजे दिसायची असं मी धरून चालायचो.

त्या खाटेवर मी काय काय विचार केले ते सगळे लिहिण्यासारखे नाहीत. डोळा गेला तर मालक किती दिवस थांबेल. मुलगा पुण्यात आहे, तो पैसे पाठवेल, पण मी दिवसभर काय करू? आणि दर दोन मिनिटांनी वाटायचं की बुडबुडा सरकला. मान जरा तिरकी झाली की मी ती घाईनं सरळ करायचो. पाय तर ऐकायचेच नाहीत, खाटेच्या लाकडावर टकटक चालूच. पद्मा दोनदा गप्प बसली, तिसऱ्यांदा तिनं माझ्या पायांवर भरलेली बादली ठेवायची धमकी दिली.

व्हिडिओ ऐकता येत होते, पण विज्ञानाचे व्हिडिओ नुसते ऐकायचे म्हणजे जेवणाचा नुसता वास घ्यायचा. तो माणूस म्हणायचा, "आता हे बघा!" आणि मी फरशी बघायचो. शेवटी मी पद्माला म्हणालो, "तू बघ आणि मला सांग." ती मांडीवर सूप घेऊन, पानं कातरत, खाटेशेजारी बसलेलीच असायची. तिनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

"काय दिसतंय?"

"एक माणूस हाय. चष्मावाला. लई बोलतोय."

"ते ऐकू येतंय. मागं काय आहे?"

"मागं भिंत हाय. निळी."

असा आमचा पहिला दिवस गेला. मी चिडलो, ती चिडली, फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी ती जरा सुधारली. "पाण्यात काय तरी हाय, पारदर्शक, छत्रीवानी. उघडतंय, मिटतंय." तिसऱ्या दिवशी ती एकदम "अगं बाई!" म्हणाली आणि गप्पच झाली.

"काय झालं? काय आहे?"

"थांबा की. बघू द्या."

एवढा वेळ ती काय बघत होती ते तिनं मला आजवर नीट सांगितलेलं नाही.

शेवटचं मिनिट

पद्माचे हात तंबाखूत असायचे. एका हातात पान, दुसऱ्यात कात्री, नाहीतर विडीला गुंडाळायचा दोरा. स्क्रीनला हात लावायचा म्हणजे उठून हात धुवा. म्हणून एक व्हिडिओ लागला की तो शेवटपर्यंत चालायचा, आणि संपल्यावर फोन आपल्या मनानं पुढचा लावायचा. माझा जीव कासावीस व्हायचा. "शेवटचं सोड, पुढं ढकल," मी ओरडायचो. ती ऐकायची नाही.

पाचव्या दिवशी दुपारी फोननं तोच व्हिडिओ लावला. डोळ्यातल्या धाग्यांचा. मी म्हणालो, "बंद कर." ती म्हणाली, "हात भरलेत." तो माणूस गर, तंतू, सावली सगळं सांगत गेला. मला प्रत्येक वाक्य पाठ होतं. मग माझ्या ओळखीचा भाग संपला आणि तो सावकाश बोलायला लागला. धागे एकदम वाढले, किंवा सोबत वीज चमकल्यासारखं झालं, तर वाट बघू नका. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. पडदा सुटण्याची ती सुरुवात असू शकते. आणि मग, आवडलं तर लाइक करा.

कात्रीचा आवाज थांबला होता.

"हे तुमी ऐकलं न्हवतं?"

"नाही."

"का?"

मी सांगितलं. दीडपट वेग, शेवटचं मिनिट सोडायचं, सगळं सांगितलं. फरशीकडं तोंड करून सांगायला सोपं गेलं. तिनं कात्री सुपात ठेवली. मग म्हणाली, "एवढ्या घाईनं कुटं जायचं हुतं तुमाला?"

मला रडू आलं. पालथं पडून रडू नका, टॉवेल भिजतो आणि बदलायला दुसऱ्याला उठावं लागतं. पण आलं तर येऊ द्या. त्या माणसानं मला सांगितलं होतं, आणि मी उठून गेलो होतो.

मी उठून बसलो

एवढं झाल्यावर मी शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटेल. आठव्या दिवशी पद्मा वळलेल्या विड्या घेऊन विडीच्या कारखान्यात गेली. तिथं रांग असते, दोन तास सहज जातात. दार ओढलेलं, घर शांत, पंखा घरघरतोय. माझी मान तुटायला आली होती. दहा मिनिटांची सूट होती, मी ती घेतली. भिंतीला टेकून बसलो. पाठ सरळ झाली, तेव्हा जे सुख वाटलं ते मला आजही सांगता येत नाही. फोन डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला. रंग हलत होते. दहाची वीस मिनिटं झाली, वीसची किती झाली मला माहीत नाही.

रांग लहान होती. पद्मा दारात उभी होती.

तिनं टोपली खाली ठेवली. मग तिचा आवाज असा फुटला की शेजारच्या दोन बायका दारात आल्या. "डोळा तुमचा एकट्याचा हाय का? मी हितं आठ दिवस बसून फोनातले मासे सांगलाले, ते कुणासाठी? जावा, बसा नीट. फिरा गावभर. माहितीय का म्हणून सांगा सगळ्यांना, माझा डोळा मीच घालवला!"

मी लगेच तोंड खाली केलं, पण आता त्याचा उपयोग होता की नव्हता कोण सांगणार? रफिकभाईंनी रिक्षा दारात आणली. मी सीटवर वाकून, डोकं गुडघ्यात घालून बसलो. पद्मानं माझी मान हातानं दाबून धरली होती, जरा जास्तच. "सर नीचेच रखो भाई," रफिकभाई म्हणत होते, "गड्ढा आया तो मैं पहलेच बोलतूं." आणि खरंच प्रत्येक खड्ड्याच्या आधी ते ओरडून सांगत होते. सोलापूरच्या रस्त्यावर त्यांचा घसा बसला.

मॅडमनी तपासलं. पडदा जागेवर होता. "यावेळी सुटलात," त्या म्हणाल्या. "पुन्हा असं केलंत तर माझ्याकडं येऊ नका." त्यांनी ते हसून म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर पद्मानं प्लॅस्टिकची बाटली घेतली, विडीच्या पानाचा ओला तुकडा आत तळाला चिकटवला, थोडी जागा सोडून पाणी भरलं आणि बूच लावलं. खाटेखाली, माझ्या तोंडासमोर धरली. डाव्या डोळ्याला पान आणि पाणी एवढं वेगळं कळत होतं.

"हे पान म्हंजे पडदा. हे तोंड म्हंजे तुमचं तोंड." तिनं बाटली उलटी केली. हवा वर, पानापाशी गेली. "आता तुमी पालथे हाव. बुडबुडा पानाला धरून बसलाय." मग आडवी केली. हवा पानावरनं निसटून वरच्या कडेला पळाली. "आता तुमी भिंतीला टेकलाव." ती बाटली हलवत राहिली, आणि थोड्या वेळानं पान तळाचं सुटून पाण्यात फिरायला लागलं.

"हे कुठल्या व्हिडिओत होतं?"

"कुटल्याच न्हाई," ती म्हणाली. "डोकं हाय मला."

त्यानंतर मी एकदाही सूट ओलांडली नाही.

टॉवेलचे धागे

अकराव्या दिवशी सकाळी, तोंड खाटेच्या भोकाच्या कडेला सरकलेलं असताना, उजव्या डोळ्याची पापणी उघडी राहिली. डोळ्यापुढं इतके दिवस राखाडी पाणी हलत होतं. त्या दिवशी त्यात, डोळ्याच्या अगदी लगत, एक दोरखंड दिसला. जाड, पिळदार, पांढरा. शेजारी दुसरा. त्यांच्यावरनं आडवा तिसरा. तो टॉवेल होता. माझ्या डोळ्यापासून दोन बोटांवर. मला सुताचा पीळ दिसत होता, पिळातनं सुटलेली एकेक लव दिसत होती. जन्म सुतात गेला, पण सूत मी असं कधी बघितलं नव्हतं.

"पद्मा! दिसतंय! धागा दिसतोय!"

ती धावत आली. तिला टॉवेलात काय एवढं बघण्यासारखं आहे ते कळेना, पण तिनं खाटेचा काठ धरला आणि तिथंच बसली. पुढं मॅडमनी सांगितलं की डोळ्यात वायू असला की अगदी जवळचं तेवढं मोठं आणि स्पष्ट दिसतं. तुम्हालाही दिसेल कदाचित. अंगठ्याचा ठसा बघा.

हे सांगायला मी बार्शीला फोन लावला. कंडक्टरसाहेबांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं.

"ब्येस झालं," ते म्हणाले. "माझा पुन्यांदा सुटला ओ. परवा दुसरं ऑपरेशन हाय."

मी फोन कानाला दाबून धरला.

"मी उठलो न्हवतो," ते म्हणाले. "एकदा बी न्हाय. सुनंला इचारा."

मी उठलो होतो, आणि माझा चिकटला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही, इथंच पहिल्यांदा लिहितोय. व्हिडिओत कारण असलं की परिणाम असतो, थेंबाची शेपटी मोडली की थेंब फुटतो. माझ्या आणि त्यांच्या डोळ्यांत तसं झालं नाही, आणि का झालं नाही हे मला कुठं शोधायचं ते कळेना. मला अपराध्यासारखं वाटत होतं.

"आता कायतरी सांगा," ते म्हणाले. "माणूस गप बसला की लई भ्या वाटतं."

मग मी त्यांना सुईच्या टोकाएवढ्या एका प्राण्याचं सांगितलं, जो वाळून कडक झाला तरी मरत नाही, पाणी मिळालं की पुन्हा चालायला लागतो. ते "आयला" म्हणाले. मी तासभर बोललो. पद्मानं मधे चहा आणून खाटेखाली ठेवला आणि नळी माझ्या तोंडात दिली.

भिंतीवरची अक्षरं

पंधराव्या दिवशी मान वर करायची परवानगी मिळाली. पुढच्या आठवड्यात बुडबुडा ओसरत गेला. उभं राहिलं की उजव्या डोळ्यात पाण्याची रेघ दिसायची, चाललं की हिंदकळायची. रेघेच्या वरनं घर दिसायचं, तेही धुक्यातलं. मग नुसता मण्याएवढा बुडबुडा राहिला. मग तोही एका सकाळी दात घासताना गेला.

नजर तपासायला गेलो तेव्हा मॅडमच्या खोलीत आतल्या बाकावर बसायचं होतं. माझ्या आधी बरेच पेशंट होते. प्रत्येकजण भिंतीवरचा तोच तक्ता मोठ्यानं वाचत होता, वरनं खालपर्यंत, काही अडखळत, काही भरभर. मी ऐकत होतो. माझी पाळी आली तोवर शेवटच्या ओळीपर्यंत सगळा तक्ता मला पाठ झाला होता. हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं.

डावा डोळा झाकला. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी, चौथी. मॅडम म्हणाल्या, "अरे वा!" मी वाचत होतो की आठवत होतो, ते मलाच कळत नव्हतं. पाचव्या ओळीला थांबलो.

"मॅडम, मला हे पाठ आहे," मी म्हणालो. "हे धरू नका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तक्त्यावरचा दिवा बंद केला. "बरं. मग या खोलीत जे पाठ नाही ते सांगा."

मी मान वळवली. दाराशी पद्मा उभी होती, डाव्या हातानं पिशवी छातीशी धरून. आधी मला तिची साडी दिसली. मग काठ.

"काठावर देवळाच्या शिखरांची रांग आहे," मी म्हणालो. "दर दोन शिखरांच्या मधे एक ठिपका. ठिपका लाल आहे, शिखर पिवळं. मधे तीन शिखरं वाकलेली दिसतात, मागात ताण्याचा उभा धागा ओढला गेलाय."

"काय न्हाई वाकलं," पद्मा म्हणाली. "नवी साडी हाय."

तिनं पिशवी खाली ठेवली, पुढं आली, आणि काठ दोन्ही हातांत ताठ ओढून माझ्यासमोर धरला. "आता?"

"अजून वाकडा."

मॅडम हळू आवाजात बोलल्या. पडद्याच्या मधे पाणी शिरलं होतं, तिथं रेघा वाकड्या दिसतात. काहींच्या वर्षभरात सरळ होतात, काहींच्या तशाच राहतात. चौकटीचं काम जमेल का, ते बघत बघतच ठरवावं लागेल.

पद्मानं काठ सोडला नाही. तिची बोटं तंबाखूनं तपकिरी झालेली, ती मला दिसत होती, नखांच्या कडा दिसत होत्या. मी नजर वर नेली. तिचा चेहरा डाव्या गालाकडं थोडा ओढल्यासारखा होता, एक भुवई दुसरीपेक्षा खाली आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"मी पन वाकडी दिसते का?"

"हो."

"मग बघा तशीच," ती म्हणाली.

मी बघत बसलो. मॅडमनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, तो माणूस येऊन माझ्या खुर्चीमागं उभा राहिला, तरी मी उठलो नाही.